साखरपुड्यातला मोबाइल

सारिकानं फार्मसीची परीक्षा अर्ध्यात सोडली हे कळलं, तसा तिचा मोठा भाऊ नवल जळगावच्या ठिबक सिंचनाच्या दुकानातून सुट्टी काढून धुळ्याच्या एस.टी.त बसला. बाकीचं तिच्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं होतं. जगदीश नावाचा वर्गातला पोरगा, वर्षभरापासून दोघांचं जमलेलं. सारिकाच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे. तिच्या नावानं तोच मैत्रिणींशी भांडायचा आणि एकेकीला ब्लॉक करायचा. खोलीत कोण आहे ते तिनं व्हिडिओवर दाखवायचं, उत्तराला उशीर झाला की घाणेरड्या शिव्या खायच्या. पोरगी जेवेना, झोपेना. फोन वाजला की ती तो उशीखाली ढकलायची.

नवलचे हात शिवशिवत होते. पारोळा येईपर्यंत त्यानं जगदीशला मनातल्या मनात चांगला लोळवला. मधेच सवयीनं फोन काढून पुनमचं लोकेशन पाहिलं. ती दोंडाईच्यातच होती, पण घरापासून जरा लांब. 'कोठे शेस?' एवढं टाकून त्यानं फोन खिशात ठेवला.

पुनम म्हणजे त्याची होणारी बायको. साखरपुड्यात मुलीला मोबाइल द्यायची रीत हल्ली आमच्याकडे पडली आहे. नवलनं तो आधी स्वतः चालू केला, पासवर्ड स्वतः टाकला, लोकेशन सुरू ठेवलं आणि मगच साडीशेजारी ताटात मांडला. जावई हौशी आहे, असं पाहुणे म्हणाले. हौस कुठं संपते आणि पाळत कुठं सुरू होते, हे त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवलला तर नव्हतंच.

धुळ्यात सारिका वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत आली. गालफडं बसलेली.

"त्याना पत्ता दे," नवल म्हणाला. "बठ्ठा दात पाडीसन हातमा देसु."

"मारामारी नको, भाऊ. मी त्याले ब्लॉक करस. एकलीले भ्याव वाटस, म्हनीसन तू मन्हाजोडे बस."

तिचा फोन तिनं दोन दिवस बंदच ठेवला होता. इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलायला तिनं भावाचा फोन मागितला. त्यानं कुलूप उघडून तो तिच्या हातात दिला, आणि तेवढ्यात वरून पुनमचे मेसेज उतरू लागले. 'गिरणीवर गयती.' 'आते घर शे.' मागोमाग फोटो आला: पिठाचा डबा, शेजारी आई, मागे भिंतीवरचं घड्याळ.

सारिका फोटोकडे बघत राहिली. "हाऊ फोटू तू मांगा व्हता का?"

"नही," नवल जरा फुशारकीनंच म्हणाला. "तिना तिनाच धाडस ती. माले सांगानी गरजच पडत नही."

"मी बी त्याले असाच फोटू धाडस. घड्याळ दिसाले पाहिजे. नही ते तो म्हनस, फोटू जुना शे."

नवलच्या डोक्यात तिडीक गेली. "मी शिव्या देस का तिले?"

"पहिले तो बी देत नव्हता."

ती रागानं बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं. तिनं खाली मान घालून पासवर्ड बदलला, मग आपला फोन सुरू करून जगदीशला ब्लॉक केलं. नवल तिच्या शेजारी बसून होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

बाहेर येऊन त्यानं पुनमला फोन लावला. "आजपाईन फोटू धाडू नको. लोकेशन बंद करी टाक. पासवर्ड बदल, आन् माले बी सांगू नको."

ती खूश होईल, असं त्याला वाटलं होतं.

"मन्हं काय चुकनं?" पुनम म्हणाली. "मी खरंच गिरणीवर गयती. आईले इचारा. लगीन मोडतस का तुमी?"

"नही वं! मन्हंच चुकनं." तो शपथेवर सांगत राहिला, ती हुंदके देत हो हो म्हणत राहिली. फोन बंद झाला.

तो स्टँडवर पोचला तेव्हा पुनमचा नवा फोटो आला होता. गिरणीवाल्या मंजुळाबाई पिठानं पांढरे झालेले हात तसेच धरून, काही न कळून कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. खाली पुनमनं लिहिलं होतं, 'यास्ले फोन देऊ का?'