दारावरची काळी पट्टी

माणसाने विश्वास ठेवावा तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. बाकी सगळं जग काहीतरी विकायला बसलेलं आहे. तपासनीस हे तत्त्व कसोशीने पाळत. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, असं बायको अधूनमधून म्हणे; पण तिचा मावसभाऊ चष्म्यांच्या दुकानात कामाला असल्यामुळे त्या सल्ल्यातही त्यांना काळंबेरं दिसे.

सध्या पाळी मेहुण्याची होती. त्याचं गाड्या चकाकवण्याच्या सामानाचं दुकान होतं. तपासनिसांच्या गाडीचा रंग ठीक होता, पण दारांवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या राखेसारख्या पांढुरक्या पडल्या होत्या. मेहुण्याने दोन बाटल्या दिल्या: रंगाला पॉलिश, प्लॅस्टिकला वेगळं औषध.

"पॉलिश पट्टीवर जाऊ देऊ नका, भाऊजी. डाग पडतात."

"म्हणजे डाग पडले की चूक आमची. छान सोय करून ठेवलीस."

पॉलिशने बॉनेट आरशासारखं झालं. त्यात तपासनिसांना एक संशयी इसम दिसला. तो म्हणजे ते स्वतःच. पट्टीवर मात्र औषध म्हणजे अळवावरचं पाणी. पुसलं की सगळं फडक्यावर, पट्टी होती तशीच. त्यांनी गुपचूप दुसऱ्या दुकानातून दुसरी बाटली आणली, मग तिसऱ्या. तीच गत. आता कोणालाही वाटलं असतं की दोष पट्टीत आहे. तपासनिसांना वाटलं, सगळे एकाच माळेचे मणी, आणि माळ मेहुण्याच्या गळ्यात.

"रविवारी जेवायला येतोय ना तो? बाटली त्याच्या ताटाशेजारीच ठेवतो. पाणी भरून विकतोस का, विचारतो सरळ."

"विचारा," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "मग मी त्याच्याच गाडीत बसून जाईन. माझ्या दादाला चोर म्हणणाऱ्या घरात मला घास उतरायचा नाही."

आवाज चढला नव्हता. पण तिच्या साड्यांची चळत वेगळी रचली जात होती, हे तपासनिसांनी पाहिलं. तरी तत्त्व ते तत्त्व.

रविवारी मेहुणा गाडीतून उतरतो न उतरतो तोच तपासनिसांनी फाटकातच त्याच्यापुढे बाटली धरली. "यात काय आहे, खरं सांग!"

"औषध आहे, भाऊजी. दुसरं काय असणार?"

"मग लागत का नाही?"

बायको पिशवी भरून बाहेर आली आणि नवऱ्याच्या गाडीला टेकून उभी राहिली. भांडण संपण्याची वाट पाहता पाहता रागाने ती पट्टीचा कोपरा नखाने खरवडत होती. कोपरा उचलला गेला. तिने ओढला. चर्रकन एक पांढुरका, पातळ पापुद्रा लांबच्या लांब निघून हातात आला.

"अरेच्चा! ही तर कारखान्यातली फिल्म," मेहुणा म्हणाला. "गाडी देताना शोरूमवालेच काढतात की."

गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये आपणच गरजलो होतो, ते तपासनिसांना आठवलं: 'फिल्मला हात लावायचा नाही! त्या निमित्ताने पट्ट्या बदलाल. मी घरी नेऊन माझ्या डोळ्यांदेखत काढीन.'

ते वाकले, चष्मा वर सरकवून उघड्या पट्टीवरून बोट फिरवलं. "अस्सलच आहे ना ही?"

बायको पिशवी घेऊन आत गेली आणि तिने तिघांची ताटं वाढली.

पट्टी काळी कुळकुळीत होती. तिला काहीही लावायची गरज नव्हती.