चार किलो कमी

मी वजनकाटा बोलतोय. हेलिकॉप्टरमध्ये बसवण्याआधी ज्याच्यावर माणसांना उभं करतात, तो. घाबरू नका, तुमचा आकडा मी चारचौघांत सांगणार नाही. एकदा खरा आकडा सांगायची वेळ आली होती, तेव्हाही मी सांगितला नाही. त्याचीच ही हकिकत आहे.

मी एका कारखान्यात तयार झालो. पत्रा कापला, आत स्प्रिंग बसवली, वर रबराची चटई डकवली आणि गोल तबकडीवर शून्यापासून एकशे तीसपर्यंत आकडे छापले. शेवटी एका माणसाने माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवलं, काटा विसावर थांबला हे पाहिलं, शिक्का मारला आणि तो पुढच्या काट्याकडे वळला.

पहिली सहा वर्षं मी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काढली. तिथे येणाऱ्यांना आकडा वाढलेला हवा असे. बाळाचा अर्धा किलो वाढला की आया डोळे पुसत. पुढे बाईंनी दवाखाना बंद केला, सामान विकलं, आणि मी डोंगरावर आलो.

डोंगरमाथ्यावर एक सपाट केलेली जागा आहे. मध्ये पांढरं वर्तुळ, कडेला पत्र्याची एक खोली. खोलीत काउंटर, एक बाक, पाण्याचा जार, भिंतीवर धबधब्याचा मोठा फोटो. सुट्टीवर आलेली माणसं इथून हेलिकॉप्टरने फेरी मारतात. फेरी बारा मिनिटांची. धबधबा, तळं, कड्याला एक वळसा, की परत.

त्याआधी प्रत्येकाला माझ्यावर उभं राहावं लागतं. काउंटरवरच्या बाई आकडा चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठी पायलटकडे जाते, आणि कुणी कुठे बसायचं ते त्यावरून ठरतं. चार प्रवाशांचं मिळून वजन दोनशे साठ किलोंच्या आत लागतं. हेलिकॉप्टर म्हणजे काही बस नव्हे, ‘जरा सरकून घ्या’ म्हणायला.

मी माणसांना तळव्यांवरून ओळखतो. बूट काढले की हलके होऊ असं सगळ्यांना वाटतं. मग घड्याळ निघतं, पट्टा निघतो, खिशातली नाणी निघतात. एकाने तर चष्मा काढला आणि मग त्याला आकडाच दिसेना. पोट आत ओढून काही फरक पडत नाही, पण ओढतात. नवरा उभा असला की बायको डोकावते. बायको उभी असली आणि नवरा डोकावला, तर त्याची पुढची सुट्टी संपली म्हणून समजा.

एकदा एक बाई आपला आकडा पाहून रडल्या आणि फेरी रद्द करून निघून गेल्या. मालक आले. काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, “बाई, पाहुणा आल्या आल्या त्याला रडवायचं का? बायकामाणसांना जरा बरं वाटेल असं काही करा की.”

माझ्या पाठीमागे एक स्क्रू आहे. काउंटरवरच्या बाईंनी तो फिरवला. माझा काटा शून्याच्या मागे चार किलोंवर जाऊन थांबला. दुखलं नाही. काहीच झालं नाही.

त्या दिवसापासून खोलीत आनंदीआनंद. “बघितलंस? चालायला जातोय त्याचा फरक आहे!” “अगं, मी तर सुट्टीत चार किलो उतरले!” माणसं हसत हसत हेलिकॉप्टरकडे जात. आमचे नेहमीचे पायलट, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, चिठ्ठी हातात घेऊन मनातल्या मनात माणशी चार किलो वाढवत. त्यांना ठाऊक होतं. मालकांना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षापर्यंत मला खोटं बोलतोय असंही वाटेनासं झालं.

मग ऐन हंगामात कॅप्टनची कंबर धरली आणि बदलीवर दुसऱ्या पायलट आल्या. तिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना सगळे पायलटबाई म्हणू लागले. माझ्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मालकांना वाटलं कॅप्टनने सांगितलं असेल. कॅप्टनला वाटलं बाई सांगतील. बाईंना वाटलं, ही मालकांनी सांगायची गोष्ट, आपण कशाला तोंड उघडा.

पहिले दोन दिवस जोडपीच आली. दोघांच्या आठ किलोंनी काही अडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक कुटुंब आलं. दोन बहिणी, थोरलीचा नवरा आणि त्यांची आई. धाकटीने दारातूनच सांगून टाकलं, “फेरी आईसाठी आहे हं. आम्ही आपले सोबतीला.”

“सोबतीला मी सर्वांत मोठा,” जावई पोटावर हात ठेवत म्हणाला.

“भावोजी, तुम्हाला मधोमध बसवायला सांगते. नाहीतर कलंडेल ते.”

आई हसली नाही. ती बाकावर बसली होती, पर्स मांडीवर धरून. थोरली काउंटरवरच्या बाईंना हळू आवाजात सांगत होती, “बाबा गेल्यापासून हिचं हे असंच. चौदा महिने झाले. काही विचारलं की ‘बरं’ नाहीतर ‘चालेल’. भांडत नाही, रागवत नाही, काही मागत नाही. म्हटलं, वरून एवढं सगळं दिसलं तर निदान काहीतरी बोलेल.”

माझ्यावर जावई चढला. चौऱ्याण्णव. “अरे वा!” थोरली, सदुसष्ट. धाकटी, अठ्ठावन्न. तिने टाळी वाजवली. शेवटी आई चढली. पर्स खांद्याला, अंगावर शाल. मी एकोणचाळीस दाखवलं.

धाकटी तेव्हा पाठमोरी होऊन सगळ्यांचा फोटो काढायची जागा शोधत होती. थोरली बहिणीला केस आवर म्हणत होती. आईचा आकडा दोघींपैकी कुणी पाहिला नाही. पाहिला असता तरी, मी कमी दाखवतो म्हणून बाईंनी कानात सांगून त्यांची समजूत घातली असती.

बेरीज दोनशे अठ्ठावन्न. बाईंनी चिठ्ठी लिहिली. लिहून झाल्यावर पेन तिथेच धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मालक आत आले आणि बाईंनी चिठ्ठी पुढे केली.

दारातून मला पांढरं वर्तुळ दिसतं. चौघं बसली. पाती फिरली, धूळ उडाली. हेलिकॉप्टर हातभर उचललं, तसंच थरथरत राहिलं आणि पुन्हा खाली टेकलं. पायलटबाईंनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. इंजिन बंद केलं, पाती पूर्ण थांबू दिली आणि सगळ्यांना उतरवून त्या खोलीत आल्या. कुणाशी न बोलता बूट काढून माझ्यावर उभ्या राहिल्या.

सत्तावन्न.

“मी एकसष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात माझी मेडिकल झाली.”

मालक हसले. “मॅडम, कमी दाखवलं म्हणून तक्रार करणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय. अहो, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून—”

“मला बरं नाही वाटलं.”

“चार-पाच किलो इकडे तिकडे होतंच हो.”

“चौघांचे सोळा किलो. सगळे इकडेच. तिकडे काहीच नाही. आणि पुढे कडा आहे.”

काउंटरवरच्या बाई तेव्हा बोलल्या. मालकांकडे न बघता. “चार किलो मागे आहे. प्रत्येकाला. कॅप्टन मनात धरतात. मला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.”

त्या खाली वाकल्या आणि त्यांनी स्क्रू फिरवला. माझा काटा शून्यावर आला. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हाही मला काही वाटलं नाही. स्प्रिंगला इतकी वर्षं एका बाजूला वळवून ठेवलं की सरळ होणं म्हणजेही नुसता एक धक्का असतो.

मालक म्हणाले, वजन कमी करायला थोडं इंधन काढायचं तर तासभर जाईल, मागे पाहुणे उभे आहेत. कॅप्टन असते तर एव्हाना फेरी मारून परतसुद्धा आले असते. पायलटबाई म्हणाल्या, “मी चौघांना नेणार नाही. तिघांना नेते.”

“मग संध्याकाळी तुमचे कागद घेऊन जा. उद्यापासून यायची गरज नाही.”

“घेऊन जाईन. आत्ता तिघं कोण ते सांगा.”

आता एकाने मागे राहायचं होतं. कुणीही चाललं असतं.

“मी बसते इथे,” आई म्हणाली. कुणी विचारायच्या आत ती बाकाकडे वळलीही होती.

“अगं, तुझ्यासाठीच तर आलोय!” धाकटी.

“तुम्ही जाऊन या. मला काय.”

थोरली काही बोलणार होती. जावयाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. “अगं, त्यांना खरंच नसेल जायचं. ओढून कशाला न्यायचं? सुरुवातीपासून त्या काही बोलल्या तरी का?” थोरलीने आईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. आणि तिघं गेली.

हेलिकॉप्टर या वेळी सरळ वर गेलं.

खोलीत आई आणि काउंटरवरच्या बाई. मालक बाहेर पाहुण्यांना थोपवत होते. थोड्या वेळाने आईने पर्स बाकावर ठेवली, शाल काढून तिच्यावर ठेवली, चपला काढल्या आणि माझ्यावर येऊन उभी राहिली. तळवे थंड होते. टाचांना भेगा.

“आता खरं दाखवतो ना हा?”

“हो.”

“मला चष्म्यातूनही दिसत नाही. किती?”

काउंटरवरच्या बाई वाकल्या. त्यांनी लगेच सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांच्या जिभेवर दुसरा एखादा आकडा आला असावा. बरा वाटणारा.

“बेचाळीस,” त्या म्हणाल्या.

“बावन्न होते मी.”

“कधी?”

“हे होते तेव्हा.” आई माझ्यावरून उतरली नाही. “दहा किलो म्हणजे केवढं होतं हो? एवढं माझं गेलं आणि घरात कुणाला दिसलं नाही. मलासुद्धा नाही.”

बाईंनी तिला पाणी दिलं. ती ते माझ्यावर उभ्याउभ्याच प्यायली. माझा काटा किंचित पुढे सरकला.

बारा मिनिटं झाली. तिघं परत आली, केस विस्कटलेली, मोठमोठ्याने बोलत. धाकटी सांगत होती की तळं अगदी बशीएवढं दिसतं. थोरलीने आत येऊन विचारलं, “कंटाळलीस का गं, आई?”

“मला जायचं होतं.”

थोरली केस सारखे करता करता थांबली.

“मग तू म्हणाली का नाहीस?”

“आता म्हणतेय.”

मालक दारात होते. “आजी, पुढचे पाहुणे उभे आहेत. आता कसं—”

“त्यांची वजनं पुन्हा करावी लागतील,” पायलटबाई म्हणाल्या. त्यांनी कानावरचा हेडफोन अजून काढला नव्हता. “नीट करायची तर वेळ लागेलच. तेवढ्यात माझी शेवटची फेरी होईल. काकू, चला.” मालकांनी तोंड उघडलं, पण पाहुणे सगळं ऐकत होते. त्यांनी ते मिटलं.

आईने काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, “माझी चिठ्ठी लिहा.” बाईंनी लिहिलं. बेचाळीस. थोरलीने तो आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि चिठ्ठी हातात धरून बाकावर बसली.

आई एकटीच गेली. पायलटबाईंच्या शेजारी, पुढच्या सीटवर. तिला वरून काय दिसलं ते मला माहीत नाही. मी कधी उडालो नाही. मी बाहेरच्या रांगेतल्या लोकांची वजनं करत होतो आणि प्रत्येकाला चार किलो जास्त सांगत होतो, म्हणजे जेवढी होती तेवढीच. एकाने काउंटरवर हात आपटला. एकीने “हा काटा बिघडलाय” म्हटलं. बाई प्रत्येकाला म्हणत, “नाही, आता दुरुस्त झालाय.”

हेलिकॉप्टर उतरलं. मुली धावत गेल्या. आई आत आली ती कपाळाला आठ्या घालून.

“वर एवढं गार असतं, शाल इथे बाकावर पडलेली. कुणाला द्यायला सुचलं नाही? आणि तो आवाज! कानाला काही बांधायला हवं ते तू मला आधी सांगायचंस की नाही? थोरली म्हणून मिरवतेस नुसती. आणि हे काय, सकाळपासून कुणी जेवलेलं दिसत नाही. सुट्टीवर आलात का उपासाला?”

थोरली तिच्यासमोर उभी राहून सगळं ऐकून घेत होती. तिला मध्ये बोलायचं नव्हतं. जावई काही म्हणणार होता, तर धाकटीने त्याचा दंड धरला. ती बोलणी संपू नयेत असं तिघांच्याही तोंडावर दिसत होतं. आई बोलत बोलतच बाहेर गेली, आणि ती तिघं तिच्यामागून.

पायलटबाई संध्याकाळी कागद घेऊन गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

आता मी मागच्या कोठीत आहे. मालकांनी नवीन काटा आणलाय, विजेवर चालणारा. त्याचा आकडा फक्त काउंटरच्या आतल्या बाजूला दिसतो. पाहुणा विचारतो, “किती आलं?” आणि कुणीतरी त्याला काहीतरी सांगतं. बाई अजून तिथेच आहेत. कोठीत ठेवण्याआधी माझा स्क्रू मागे फिरवून ठेवा असं मालकांनी सांगितलं होतं. बाईंनी फिरवला नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मी तुम्हाला सांगतोय.

माझी स्प्रिंग सैल होत चाललीय. कुणी माझ्यावर चढत नाही, धुळीला वजन नसतं. दुःख आहे का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. चार वर्षं ज्याला त्याला बरं वाटेल असं दाखवत राहिलो, तर स्वतःला काय वाटतं ते कळेनासं होतं. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या घरात कुणी ‘बरं’ आणि ‘चालेल’ एवढंच बोलत असेल, तर त्याला एखाद्या चांगल्या काट्यावर उभं करा आणि आकडा तुम्ही स्वतः वाचा. खोटा काटा तुमची समजूत घालील. त्या माणसाचे दहा किलो मात्र गेलेले असतील, आणि तुम्ही फोटो काढत असाल.