आयेच्या कोपराएवढा ओटा

तारकर्लीच्या घरातलं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं, तेव्हा सगळा आराखडा दहावीतल्या अक्षयानेच काढला. खिडकी मोठी, भिंती पिवळ्या, आणि आजवर खाली बसून चुलीवर रांधणाऱ्या आयेसाठी चक्क उभ्याचा ओटा! गवंडी शिवाकाकांना उंचीचं मापही तिनेच ऐटीत, स्वतःच्या कमरेला टेप लावून दिलं.

आज विटांवर कडप्पा नुसता टेकवला होता. आयेने त्यावर रिकामा टोप ठेवून पळी फिरवून पाहिली. तिचा खांदा पार कानाशी गेला. मग तिने गुपचूप पायांखाली पाट ओढला.

"बरो झालो गो ओटो," ती हसून म्हणाली.

अक्षयाचा चेहराच उतरला. आये आपल्या खांद्याला लागते, हे ती साफ विसरली होती!

"शिवाकाकानू, विटांचो एक थर काढा."

"मापा तूच दिलंस मा गो, इंजिनेरबाई?"

"मी दिलंय ती माझी. रांधतली तर आये!"

काका हसत कडप्पा उचलायला लागले. अक्षयाने आयेचा हात कोपरात वाकवला आणि त्याच्या चार बोटं खाली भिंतीवर खडूने रेघ ओढली.

"तुका मगे वाकूचा लागतला," आये म्हणाली.

"वाकेन गो. मी खंय रोज रांधतंय?"