दोनदा दाबायचा ब्रेक

अठरा वर्षांची गाडी घरासमोर उभी असली, की शेजारी तिच्याकडे पाहून हसतात आणि मालक दुसरीकडे पाहतो. नकाशे काढण्याच्या कचेरीतल्या एका आरेखकाची सहा वर्षं हीच अवस्था होती. गाडी त्याने तिसऱ्या हातची घेतली होती. स्वस्तात मिळाली म्हणून पहिले तीन महिने तो खूश होता. मग रेडिएटर गळू लागला. तो बदलला तर सायलेन्सर सडला, सायलेन्सर झाला तर बॅटरी चार्ज होईना. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसा तिच्या औषधपाण्यात गेला, तरी ती आजारीच.

शेवटी त्याने खर्च सोडला आणि जुळवून घ्यायला सुरुवात केली. चढावर इंजिन तापलं की काचा खाली करून हीटर लावायचा, म्हणजे उष्णता आत येते आणि इंजिन थोडं निवतं. मागचं डावं दार बाहेरूनच उघडायचं. आणि ब्रेक दोनदा दाबायचा. एकदाच दाबला तर पेडल पायाखाली हळूहळू खाली जायचं. लगेच दुसऱ्यांदा दाबला की मात्र गाडी मुकाट्याने थांबायची.

"मास्टर सिलिंडर आतून गेलाय," मेकॅनिकने सांगितलं होतं. "बदलून टाका साहेब. असं किती दिवस काढणार?"

"पुढच्या महिन्यात बघू," आरेखक म्हणाला. त्या गोष्टीला चार महिने झाले. तोवर त्याचा पाय इतका तरबेज झाला, की आपण दोनदा दाबतो हेही तो विसरून गेला.

गाडी विकायची ठरली तेव्हा कचेरीतल्या हेडक्लार्कने त्याला शिकवण दिली. हेडक्लार्कने आजवर चार गाड्या विकल्या होत्या आणि चारही घेणाऱ्यांशी आता त्याचं बोलणं नव्हतं.

"आपण होऊन काही बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. इंजिन खडखड करत असेल तर जाड ऑइल घाल, महिनाभर गप्प बसतं."

"आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर ती तुझी गाडी असते का?"

सगळं टेबल हसलं. आरेखकही हसला. सहा वर्षांपूर्वी आपल्यालाही ही गाडी अशीच कुणीतरी हसतहसत गळ्यात मारली असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. अशा वेळी ते कुणाच्याच येत नाही.

रविवारी सकाळी गाडी बघायला एक शिवणबाई आल्या. दोन शाळांत शिवण शिकवायच्या. एक शाळा टेकडीवर, दुसरी पायथ्याशी, मधे सरळ उतार. बरोबर त्यांची म्हातारी आई होती. आईला आताशा घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिला रोज बरोबर न्यायचं, त्यासाठी गाडी. बाई नुकत्याच गाडी चालवायला शिकल्या होत्या.

"इथले रस्ते तुमच्या सवयीचे नाहीत, मीच चालवून दाखवतो," आरेखक म्हणाला. त्याने त्यांना गावभर फिरवलं. प्रत्येक वळणावर त्याच्या पायाने दोनदा दाबलं आणि गाडी शहाण्यासारखी थांबली. बाईंनी पेट्रोल किती लागतं ते विचारलं. आईने पट्टा आपल्या पोटाला पुरतो का ते बघितलं. ब्रेकचं कुणी विचारलं नाही. बाई इसार देऊन गेल्या आणि परवा गाडी न्यायला येते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरेखकाची बायको ड्यूटीवरून आली. ती रुग्णालयात परिचारिका होती.

"सहा वर्षांत तुम्ही मला या गाडीचं स्टिअरिंग धरू दिलं नाहीत," ती म्हणाली. "जाण्याआधी एकदा तरी चालवू द्या."

त्याला शेजारी बसवून घरामागच्या मोकळ्या मैदानात तिने मजेत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला कडेची रिकामी पिंपं जवळ आली. तिने ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, गाडी तशीच पुढे.

"दोनदा! अगं, दोनदा दाब!"

एक पिंप गडगडत गेलं, गाडी थांबली. बायकोने इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"दोनदा का?"

त्याने सांगितलं. सांगताना त्यालाच ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

"बाईंना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आमच्याकडे ड्यूटी बदलते तेव्हा पुढची सिस्टर काही विचारत नाही," बायको म्हणाली. "आम्हीच एकेका खाटेपाशी उभं राहून सांगतो. याला रात्रभर ताप होता, हिला अमुक औषध चालत नाही. माझी बस चुकली तरी चालते, पण ते सांगितल्याशिवाय मला वॉर्ड सोडता येत नाही. जे मला माहीत आहे आणि तिला नाही, त्याने पेशंट मरू शकतो."

"मी काय मुद्दाम लपवलं?"

"मुद्दाम नसेल. पण उद्या उतारावर तुमच्या त्या बाई आईला घेऊन निघतील, तेव्हा दोनदा दाब म्हणून ओरडायला शेजारी तुम्ही बसणार आहात का?"

त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत. तो घरात गेला, टेबलावर कागद पसरला आणि त्याला येत होतं ते त्याने केलं. गाडीचा वरून दिसणारा नकाशा काढला. त्यावर आकडे टाकून एकेक दुखणं सुवाच्य अक्षरांत लिहिलं. एकूण नऊ भरली. पहिल्या आकड्यापुढे लाल शाईने ब्रेक.

संध्याकाळी तो कागद आणि इसार घेऊन शिवणबाईंकडे गेला. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"हे काल सांगितलं असतंत तर मी पैसे दिलेच नसते."

"म्हणूनच सांगितलं नाही," तो म्हणाला. खोटं बोलायचं आता त्याला सुचेना.

आईने कागदात डोकावून पाहिलं. "नऊच? माझी मोजायला बसलात तर कागद पुरायचा नाही."

बाई हसल्या नाहीत. "ब्रेक आधी नीट करून द्या. मग माझ्या मेकॅनिकला दाखवते. त्यानंतर किमतीचं बोलू."

मास्टर सिलिंडर बदलला गेला. बाईंच्या मेकॅनिकने नकाशा हातात धरून गाडी तपासली आणि एवढंच म्हणाला, की असा कागद गाडीबरोबर आलेला त्याने आजवर पाहिला नव्हता. किंमत बरीच उतरली. आरेखकाने ती निमूट मान्य केली.

गाडी न्यायला आल्या त्या दिवशी बाई स्वतः चालवत निघाल्या. शेजारी आई पट्टा लावून ताठ बसली होती. फाटकापुढच्या उतारावर एक सायकल आडवी आली. बाईंनी ब्रेक एकदाच दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. फाटकात उभ्या असलेल्या आरेखकाचा उजवा पाय मात्र जमिनीवर दोनदा दाबला गेला.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही आणि विकण्यातही नाही. ती जुनी आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच असतं. तिचं नेमकं काय दुखतं ते मात्र फक्त आपल्याला ठाऊक असतं, आणि ते न विचारता सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे. किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवण्याआधी एकदा आपल्या पायाला विचारून पाहा. कुठे दोनदा दाबायचं, ते त्याला पाठ असतं.