कोतवालाला बिस्किट

माणसाकडे मोटार असते. मोटारीच्या टपावर तो सायकल बांधतो, खुलताबादला मोटार सावलीत लावतो आणि तिथून सायकलवर बसून आमच्या माळावर येतो. तेही चांगली डांबरी सडक सोडून, आमच्या मेंढ्यासुद्धा जिथे जपून पाय टाकतात त्या खडीच्या गाडीवाटेनं. आता मला सांगा, अशा माणसावर संशय घ्यायचा नाही तर कुणावर घ्यायचा?

आमचे हे म्हणतात, मला संशयाचा रोग आहे. असेल. बारावी करून मी या वस्तीवर सून म्हणून आले, आणि इथे लांडग्यापेक्षा माणसाला जास्त भ्यायचं असतं हे पहिल्याच वर्षी शिकले. देवगाव रंगारीच्या बाजूला दोन वस्त्यांवरून मेंढ्या गेल्या होत्या. चोर पिकअप घेऊन येतात, पण त्याआधी कुणीतरी साळसूदपणे येऊन सगळं बघून जातं. आमचं सगळं जे काही आहे ते वाघरीत, म्हणजे कळपाभोवती लावतात त्या दोरीच्या जाळीत. ती कापायला एक सुरी पुरते. म्हणून राखणीला कोतवाल.

कोतवाल आमचा कुत्रा. आई मेली तेव्हा त्याचे डोळे जेमतेम उघडले होते. मी त्याला मेंढीच्या दुधात कापूस बुडवून वाढवला. राखणीच्या कुत्र्याला घरच्याशिवाय कुणी तुकडा टाकायचा नाही, ही आमच्यातली रीत. पाहुणासुद्धा उरलेली भाकरी माझ्या हातात देतो आणि मग मी ती कोतवालाला घालते. उगाच नाही.

तो सायकलवाला पहिल्यांदा आला तेव्हा कोतवाल असा धावून गेला की बिचारा सायकल आडवी धरून उभाच राहिला. जाड चाकांची सायकल, आवाज म्हणून नाही. एरवी फटफटी दोन शेतं लांब असली तरी आम्हाला कळते. हा वळणावर एकदम उगवला. त्यानं सदऱ्याच्या पाठीवरच्या खिशातून बिस्किट काढून पुढे केलं. कोतवालानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला केवढा अभिमान वाटला.

"कुणीकडं निघाला?" मी विचारलं.

"कुठे नाही. असंच, फिरायला," तो म्हणाला. "ही सायकल खडीवर चालवायचीच आहे, वहिनी. इकडे गाड्या नाहीत, हॉर्न नाही. इतकी शांतता आहे ना..."

वाट डांबरी करा म्हणून आमच्या वस्तीनं अर्ज करकरून हात दुखवून घेतले, आणि हा शहाणा ती खराब आहे म्हणून आला होता. मग जाता जाता त्यानं विचारलं, "किती मेंढ्या आहेत तुमच्या?"

मेंढक्याला कधी कुणी हे विचारत नाही. दृष्ट लागते. मी म्हटलं, "देवाला ठाऊक." तेवढ्यात आमचे हे मागून आले आणि आकडा सांगून मोकळे झाले. वर चहाही पाजला. नाव अतुल, वाळूजला कंपनीत इंजिनिअर, राहायला शहरात. एवढी माहिती ह्यांनी काढली आणि त्या बदल्यात आमची सगळी देऊन टाकली.

पुढच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला कोतवालानं बिस्किट खाल्लं.

"त्याला खायला घालू नका," मी म्हटलं.

"अहो, त्याच्याशी दोस्ती केली नाही तर मला पुढे कसं जाऊ देईल?" तो हसून म्हणाला. "कुत्र्यांसाठी पुडा ठेवतोच मी सोबत."

त्या दिवशी मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. "परका माणूस राखणीच्या कुत्र्याला फितवतोय आन् तुमी त्याला चहा पाजताय?"

"अगं, लई साधा माणूस हाय. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नको."

"संन्याशी बिस्किटाचे पुडे घेऊन हिंडतो व्हय?"

पुढच्या खेपेला तो चार सायकलवाले घेऊन आला. त्यांनी मेंढ्यांचे फोटो काढले, वाघरीचे काढले, आमच्या घराचेही काढले. मग मात्र मी काठी घेऊन वाटेत उभी राहिले आणि त्याला पिशवी उघडायला लावली. हवा भरायचा पंप, रबरी ट्यूब, केळी आणि बिस्किटं. बाकीचे वरमले. ह्यांना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अतुलनं मात्र एकेक वस्तू हसत दाखवली. त्याला राग आला नाही, हेच मला जास्त खटकलं.

तरी एक गोष्ट मनाशी पक्की होती. बिस्किट खाईल, शेपूट हलवेल, पण वेळ आली की कोतवाल भुंकेल. संशय त्या माणसावर होता. कोतवालाला मी ओळखत होते.

दिवाळीनंतर एका सकाळी उठले तर वाघर एका बाजूनं कापलेली होती. अकरा मेंढ्या नव्हत्या, त्यातल्या चार गाभण. गाडीवाटेवर पिकअपच्या चाकांच्या खुणा दिसत होत्या. आम्ही दहा पावलांवर झोपलो होतो आणि आम्हाला कणभर आवाज आला नव्हता. कोतवाल तिथेच बसून बिस्किटाचा कागद चाटत होता. मला बघून त्यानं शेपूट हलवलं.

दुपारपर्यंत सगळी वस्ती गोळा झाली. आता सगळ्यांनाच माझं पटलं होतं. हे तर कपाळाला हात लावून म्हणाले, "तू म्हणत हुतीस तेच खरं. माझीच अक्कल गहाण." ह्यांचे चुलते मुंजाबा वस्तीत वडीलधारे. ते म्हणाले, "चला पोलिसात. त्या सायकलवाल्याचं नाव टाका."

आयुष्यात पहिल्यांदा मला सगळी वस्ती शहाणी म्हणत होती. हो म्हणायचा लई मोह झाला.

"रविवारपर्यंत थांबा, मामंजी," मी म्हटलं. "तो चोर असंल तर आता पुन्यांदा या वाटेला यायचा नाय. नाय आला तर टाका नाव."

रविवारी उन्हं वर आली आणि तो वळणावर दिसला. शीळ घालत येत होता, हात पाठीवरच्या खिशात. कोतवाल आनंदानं पुढे धावला. पोरांनी सायकल धरली, मुंजाबांनी त्याच्या गळ्याला हात घातला. त्याला काही कळेना. मेंढ्या गेल्या हे ऐकल्यावर मात्र तो आमच्या ह्यांच्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"सोडा त्याला," मी म्हटलं. "चोर हा नाय."

सगळे पांगले तसा तो माझ्याजवळ आला. डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवलात."

"इश्वास कशाचा? तुमी चोरी केली नाय, एवढंच. पर परक्याच्या हातचं खायला त्याला तुमीच शिकवलं. चोराला फक्त पुडा आणायचा ऱ्हायला हुता."

कोतवालासाठी काढलेलं बिस्किट अजून त्याच्या हातातच होतं.

"असं कुत्रं कळपापाशी ठेवत नसतात," मागे थांबलेले मुंजाबा म्हणाले. "लांब बाजारात सोडून येतो मी."

बाजारात सोडलेल्या कुत्र्याचं काय होतं ते मला माहीत होतं. मी दोरी आणली, कोतवालाच्या गळ्यात बांधली आणि टोक अतुलच्या हातात दिलं. "घेऊन जा. आता तुमीच सांभाळा."

"वहिनी, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो..."

"मग जिना चढवा."

एका हातात सायकल आणि एका हातात दोरी धरून तो खडीवरून चालत निघाला. मी उगाच वाघर आवरत बसले.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. मी उचलला.

"वहिनी, काळजी करू नका. छान रुळलाय तो. रात्रभर दारात बसतो. वॉचमन असो, दूधवाला असो, कुणालाच वर येऊ देत नाही. आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातही नाही. शेजारणीनं बिस्किट दिलं तर तोंड फिरवतो."

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि मेंढ्यांकडे गेले. अकरा मेंढ्या गेल्या तेव्हाही मी रडले नव्हते.