पुढची खुर्ची

ऑर्विलच्या निळ्या कोटाच्या डाव्या कॉलरवर दर वर्षी बिल्ला टोचून बारीक भोकं पडली होती, सगळी एकाच जागी. वाफ दिली की लोकरीचे धागे फुगतात आणि अशी भोकं मिटतात. त्याची बायको थेल्मा दर वर्षी तेच करायची. यंदा हॉटेलच्या खोलीत तिने दोनदा वाफ दिली. भोकं मिटली नाहीत. बिल्ल्याची पिन कापडात नीट बसेना.

"अगं, आवर. आज निवडणूक आहे," ऑर्विल आरशासमोरून म्हणाला. "आज मीच प्रमुख. रांगेत माझ्यापुढे आहेच कोण?"

ऑर्विलच्या बंधुमंडळाची, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणणाऱ्या सभासदांच्या क्लबची, रीतच तशी होती. दर अधिवेशनात एक खुर्ची वर सरकायचं आणि शेवटी प्रमुख व्हायचं. ऑर्विल आयोवातल्या गावात पंप दुरुस्त करायचा. त्याची वर्षाची सगळी रजा या खुर्च्यांत जायची. प्रमुख झालो की अधिवेशनं बंद, मग तुला ओरेगनचा समुद्र दाखवतो, असं त्याने लग्नाच्या नवलाईत सांगितलं होतं.

लिफ्टमध्ये दातांचे डॉक्टर, बियाणं विकणारे आणि बटणं जमवणारे दाटीने उभे होते. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले. त्या आठवड्यात सेंट लुईसमध्ये इतक्यांची अधिवेशनं भरली होती की बिनबिल्ल्याचा दिसला तो वेटर समजावा. थेल्माच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'मिसेस ऑर्विल हॅग्लंड'.

बायकांसाठी टोप्यांचं प्रदर्शन ठेवलं होतं. दुसऱ्या एका सभासदाची बायको लोर्ना शेजारून कुजबुजली, "गेल्या साली पण ह्याच होत्या गं. नुसती पिसं बदललीत मेल्यांनी."

जेवणाच्या टेबलावर ऑर्विल उशिरा आला. चेहरा मात्र हसरा.

"अगं, जुन्या प्रमुखालाच आणखी एक वर्ष ठेवलं. नवे सभासद मिळत नाहीत, म्हणून अनुभवी माणूस हवा म्हणे. मीच अनुमोदन दिलं. पुढच्या वर्षी डेन्व्हरला नक्की."

"तू दिलंस?"

"मग काय भांडू? सगळे भाऊच ना आपले."

"ऑर्विल, तुझी खुर्ची गंजली बघ," लोर्नाचा नवरा ओरडला. "येताना तेलाचा डबा आण!"

टेबल हसलं. ऑर्विलही हसला, आणि हसता हसता त्याचा बिल्ला निसटून मटारात पडला. त्याने तो उचलून थेल्मापुढे धरला.

"लाव गं जरा."

तिने रुमालाने बिल्ला स्वच्छ पुसला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. मग स्वतःचाही काढून त्याच्याजवळ ठेवला.

"ऑर्विल," ती म्हणाली, "उद्या मी तुझ्याबरोबर घरी येत नाही. इथूनच ओरेगनची गाडी धरते. समुद्र बघायला."