बिल बनाबाईच्या नावानं

“मामा, नवीन का जुनी?” विरेशनं संगणकावरून नजर न काढता विचारलं.

“जुनी,” व्यंकट म्हणाला.

विरेशची बोटं थांबली. लोहाऱ्याच्या वीज कार्यालयात सकाळपासून जो तो येत होता, ‘नवीन’ म्हणत होता आणि हसत बाहेर पडत होता. फेब्रुवारीतच सरकारनं सांगून टाकलं होतं, की नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या कमाईवर इन्कम टॅक्स लागणार नाही. कार्यालयातले सगळेच त्या रेषेच्या आत बसत होते. ज्याला जुन्याच पद्धतीनं कापून घ्यायचं असेल त्यानं एप्रिलमध्ये तसं सांगायचं, एवढाच नियम होता. असं सांगणारा माणूस निघेल हे विरेशच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“मामा, ऊन लागलं का? जुन्यात तुमचे महिन्याला चार हजार जातेत. नव्यात रुपाया जात न्हाय.”

“म्हाईत हाय.”

“मंग? घराचं कर्ज, इमा, कायतरी सूट बसवायची हाय का?”

“न्हाय. भरायचाय.”

मागच्या बाकावरचे दोघं खो खो हसले. मामाला सरकारची कीव आली, असं एकजण म्हणाला. विरेश मात्र हसला नाही. व्यंकटचं हे नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं आणि विरेश त्याला मनापासून मानायचा.

“सांजच्याला पाचपतुर इचार करा,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता तर म्हणे इन्कम टॅक्स पारच उठवा, नुसता खरेदीवरचा ठिवा, असं बी मोठी माणसं बोलायलीत. अन् तुमी उलटंच चाललाव.”

व्यंकट दोर आणि पकड घेऊन बाहेर पडला. खांबावर चढणाऱ्या माणसाला मनातलं बोलायची सवय नसते, आणि हे तर बोलून कुणाला पटण्यासारखंही नव्हतं. तो राखीव जागेवर वायरमन म्हणून लागला तेव्हापासून गावानं त्याला एक नाव दिलं होतं. सरकारचा जावई. शाळेत शिष्यवृत्ती मिळायची तेव्हा मास्तरही तेच म्हणायचे. कुणी रागानं म्हणायचं, बहुतेक जण हसत म्हणायचे. पंचवीस-तीस वर्षं पावसात, वाऱ्यात तारा जोडल्या, एकदा झटका बसून महिनाभर हात लुळा पडला, तरी जावई तो जावईच राहिला.

मग एका वर्षी पगारवाढीचा फरक मिळाला आणि व्यंकटच्या पगारातून पहिल्यांदा इन्कम टॅक्स कापला गेला. लोक अशा दिवशी कपाळाला हात लावतात. ह्या गड्यानं कार्यालयात पेढे वाटले. त्याच महिन्यात झेंडावंदनाच्या चहाला माकणीच्या आण्णासाहेबांनी चारचौघांत ‘या जावईबापू’ म्हटलं, तेव्हा व्यंकट शांतपणे म्हणाला होता, “जावयाच्या खिशातनं सासरा पैसे काढत नसतो, आण्णासाहेब. माझ्या काढतो.” चहा पिणारे हसले. आण्णासाहेबांनी त्या दिवशी विषय बदलला. एवढं एकच उत्तर व्यंकटजवळ होतं, आणि ते त्यानं इतकी वर्षं जपून वापरलं होतं.

आज पहिली तक्रार आण्णासाहेबांच्याच रानातली निघाली. डीपीचा फ्यूज उडाला होता आणि ऊस पाण्याला आला होता. व्यंकट काम उरकून खाली आला, तर आण्णासाहेबांनी बांधावर चहा मागवून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता. अडीनडीला गाडी द्यायचा, दवाखान्यात भेटायला यायचा. बोलायचा मात्र हसत, आणि हसत बोललेल्याला उत्तर देणं फार अवघड असतं.

“व्यंकट, सुटलास बाबा. पेपरात वाचलं. आमच्या उसाला टॅक्स न्हाय, आता तुझ्या पगाराला बी न्हाय.”

“व्हय.”

“फरक इतकाच, आमी रानात घाम गाळताव. तुमी आपले जावई ते जावईच.”

उत्तर होतं, पण ते कालपर्यंतचं होतं. त्यानं चहा संपवला, दोराची वेटोळी खांद्यावर टाकली आणि गाडीला किक मारली. जुनीच लिहायची, हे त्या बांधावर पक्कं झालं. शेवटचं वर्ष आहे, ते तरी मान वर करून काढायचं.

जेवायला तो माकणीतल्याच आपल्या घरी आला तेव्हा पत्रे तापून आत भट्टी झाली होती. त्याची माय, बनाबाई, उंबऱ्याजवळच्या चिमूटभर सावलीत डोक्यावर ओला पदर घेऊन बसली होती. ऐंशी ओलांडलेली बाई. गेल्या उन्हाळ्यात घेरी येऊन पडली होती, दवाखान्यात सलाईन लावावं लागलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हातारीला पत्र्याखाली ठेवू नका, नाहीतर कूलर तरी घ्या. व्यंकटची बायको वारल्यापासून घरात ही दोघं आणि लोहाऱ्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकणारी त्याची मुलगी संघप्रिया. कूलरची आठवण रोज तीच करायची.

“पप्पा, आता टॅक्स कापणार न्हाईत. ह्याच महिन्यात कूलर घेऊ.”

“पुढल्या साली बघू.”

“पुढल्या साली का? आजीला आत्ता तरास होतोय.”

व्यंकटला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं विरेशला काय सांगितलं ते सांगून टाकलं. पोरीनं ताटात भाकरी वाढता वाढता हात आखडला.

“कुणाला दावायला भरायचाय?”

“दावायला न्हाय. टॅक्स भरला की आपण फुकट खात न्हाव, एवढं सांगता येतंय. तेवढंच हाय माझ्याजवळ.”

बनाबाई पानाला चुना लावत होती. तिनं सगळं ऐकलं, पान दुमडलं, पण तोंडात टाकलं नाही.

“मंग म्या आजपातूर फुकटच खाल्लं व्हय रं?”

“तसं न्हाय, माय.”

“तसंच हाय की. धरणावर पाट्या वाह्यल्या, तवा बाजारच्या दिशी मुकादमानं हातावर पैसं ठिवलं. आण्णाच्या बापाच्या रानात खुरपलं, त्येनं पायलीभर जवारी दिली. कुणी कापलं न्हाय, अन् बने, तुझं इतकं सरकारला गेलं, असं बी कुणी म्हणलं न्हाय. तू जावई, मंग म्या कोण, सरकारची इहीण?”

संघप्रियाला हसू फुटलं. व्यंकटला हसता येईना. तो लहान असताना मायची भाकर घेऊन धरणाच्या कामावर जायचा. पाटीच्या ओझ्यानं तिची मान एका बाजूला कललेली असायची आणि भाकर खातानाही ती तशीच राहायची. आज आण्णासाहेबांचा ऊस त्याच धरणाच्या पाण्यावर उभा होता. आणि आपण जे माप घेऊन इतकी वर्षं हिंडलो, त्या मापानं आपलीच माय फुकटखाऊ ठरते, हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“आजी, तू बी भरतीस की,” संघप्रिया म्हणाली. “साबण, चपला, मोबाईलचा रिचार्ज, समद्यात टॅक्स असतोय. किमतीतच धरलेला असतोय.”

“कवापासनं?”

“लई वर्षांपासनं. नाव तेवढं बदलत गेलं.”

“मंग मला कुणी सांगितलं कसं न्हाय?”

संघप्रियानं लहान पोराला समजवावं तसं आजीच्या गुडघ्यावर नुसतं थोपटलं. व्यंकट उठला, हात धुतले आणि म्हणाला, “माय, ऊन उतरलं की लोहाऱ्याला जाऊ. कूलर आणू.”

“मला नगं. तुला भरायचाय तर भर तुझा टॅक्स.”

“भरायचाच हाय,” व्यंकट म्हणाला. “औंदा तू भर.”

पाचच्या आत तो मायला जीपनं घेऊन कार्यालयाच्या दारात होता. तिला झाडाखाली बसवून आत गेला आणि विरेशला म्हणाला, “नवीन लिही.” विरेशनं सुटकेचा श्वास टाकला आणि कळ दाबली. इतकी वर्षं जपलेली गोष्ट एका बोटानं गेली. व्यंकटला वाईट वाटलं, बरंच वाईट वाटलं, पण बाहेर म्हातारी थांबली होती म्हणून तो रेंगाळला नाही.

मुनवरच्या दुकानात कूलर ओळीनं मांडले होते. मुनवर आणि व्यंकट एका वर्गातले. त्यानं बनाबाईला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, तिच्या तोंडासमोर कूलर चालू करून दाखवला. भाव ठरला तसा तो व्यंकटच्या कानाशी आला.

“व्यंकटभाई, बिल नगं म्हणा. टॅक्स सुटंल. वॉरंटीचं म्या बघतो, घरचीच गोष्ट हाय. समदेच असं नेतेत.”

“पक्कं बिल कर.”

“आरे, अठरा टक्के जातेत फुकट.”

“फुकटच जाऊ नयेत म्हणून म्हणतोय. पक्कं कर. अन् नाव घाल, बनाबाई किसन सरवदे.”

मुनवरनं आधी मित्राकडं पाहिलं, मग खुर्चीतल्या म्हातारीकडं, आणि बिल काढलं. बनाबाईनं कागद दोन्ही हातांत घेतला.

“ह्यात टॅक्स कंचा रं, मुनवर?”

“हे बघा मावशी, ह्या दोन ओळी. एक दिल्लीला जातोय, एक मुंबईला.”

“दोघांस्नी बी?”

“दोघांस्नी बी.”

बनाबाईनं त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. मग कागदाची घडी घालून तो पानाच्या चंचीत ठेवला आणि चंची कमरेला खोचली.

कूलर जीपच्या टपावर बांधून ते माकणीच्या फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. चहाच्या हॉटेलसमोर आण्णासाहेब उभे होते. त्यांनी खाली उतरवलेला कूलर पाहिला आणि नेहमीसारखे हसले.

“बनाबाई, कूलर का? कंच्या योजनेत बसला?”

व्यंकटच्या जिभेवर जुनं उत्तर आलं. ते आता त्याचं राहिलं नव्हतं. तेवढ्यात बनाबाईनं कमरेची चंची काढली, घडी उलगडली आणि कागद पुढं धरला.

“इकत घेतलाय, आण्णा. टॅक्स भरून. दिल्लीचा बी, मुंबईचा बी.”

“बरं, बरं,” आण्णासाहेब म्हणाले. “चष्मा घरी राहिलाय.” त्यांनी खिसे चाचपले, व्यंकटच्या पाठीवर थाप दिली आणि गाडीत बसून निघून गेले. गाडी वळली तरी म्हातारीचा हात तसाच पुढं होता.

“वाचलं न्हाय त्येनं,” ती म्हणाली.

“न्हाय.”

“असू दे. तू वाच.”

“घरी गेल्यावर वाचतो, माय.”

“हितंच वाच.”

हॉटेलातली चार माणसं बघत होती. व्यंकटनं कूलरवर एक हात ठेवला, दुसऱ्या हातात कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बनाबाई किसन सरवदे, राहणार माकणी, तालुका लोहारा. नाव कानावर पडलं तशी तिनं पदर सारखा केला आणि शाळेतल्या हजेरीला उभं राहावं तशी उभी राहिली.

“आता पुढचं,” ती म्हणाली.

“पुढं टॅक्स हाय, माय.”

“त्येच वाच.”